एकनाथनं न सांगितलेली गोष्ट

एकनाथ नर्सिंगच्या शाळेत दाखल झाला, तेव्हा बोईसरच्या त्या चाळीत आठवडाभर कुणाला दुसरा विषय सुचला नाही. साल त्र्याऐंशी. चाळ म्हणजे पत्र्याच्या छपराच्या अकरा खोल्या, एका ओळीत, आणि सगळे भाडेकरू कारखान्यांतले. कुणी अकोल्या-संगमनेरकडचे, कुणी खानदेशातले, शेवटच्या दोन खोल्यांत उत्तर प्रदेशातली पोरं. एकनाथचा बाप झुंबर रंगाच्या कारखान्यात होता. त्याला घामसुद्धा रंगीत यायचा. पाळीवर लाल रंग चालू असला की बनियनवर गुलाबी डाग, पिवळा असला की पिवळे. एकनाथची आई सोजराबाई धुणं धुताना ओळखायची, आज कारखान्यात काय चाललं होतं.

पोरानं आपल्यासारखं रंगात उतरू नये, एवढंच झुंबरच्या मनात होतं. बारावीला मार्क बरे पडले, कारखान्याच्या दवाखान्यातल्या एका माणसानं फॉर्म आणून दिला, आणि नाशिककडच्या एका रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत एकनाथचा नंबर लागला. वर्गात पस्तीस मुली आणि पाच मुलगे.

"म्हंजे कंपाउंडर व्हणार का?" शेजारच्या खोलीतल्या पंढरीनं विचारलं.

"नाय, त्याच्यावरचं हाय कायतरी," झुंबर म्हणाला. त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

शेवटच्या खोल्यांतल्या पोरांनी पस्तीस हा आकडा तेवढा ऐकला. "अरे एकनाथ भैया की तो लॉटरी लग गई," म्हणत ती दोन दिवस हसत होती. सोजराबाईला मात्र पांढरे कपडे आवडले. पंख्याखालचं काम, बसून करायचं. सुई टोचायची, गोळी द्यायची. तिला एकच कोडं पडलं होतं. सुई टोचायला तर एका दिवसात येईल, मग ही माणसं पोराला तीन वर्षं ठेवून घेऊन शिकवणार तरी काय?

पहिले सहा महिने एकनाथला सुई हातात धरायला मिळाली नाही. सकाळी साडेसहाला वॉर्डात हजर व्हायचं, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा दोन तास वॉर्ड, आणि उरलेल्या वेळात हाडांची नावं इंग्रजीतनं पाठ करायची. माणूस खाटेवर असताना त्याला न उठवता खालची चादर कशी बदलायची, हे शिकायला त्याला तीन आठवडे लागले. अर्धांगवायूनं पडलेल्या एका म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, कातडी कुठं लाल दिसते का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. लाल दिसली आणि लिहिली नाही, तर चार दिवसांत तिथं जखम. त्या म्हाताऱ्याची पाठ शेवटपर्यंत धड राहिली, याचा एकनाथला परीक्षेतल्या मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पहिल्या सुट्टीत घरी आल्यावर त्यानं हे सगळं उत्साहानं सांगितलं. सोजराबाईनं तोंडाला पदर लावला.

"म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला पाठवला व्हय तुला?"

जेवण झाल्यावर झुंबर एवढंच म्हणाला, "बाहेर कुणाला सांगू नको बाबा हे."

दुसऱ्या दिवशी पंढरी पायाचं गळू घेऊन आला. म्हणाला, मार सुई. एकनाथ म्हणाला, मला अजून परवानगी नाही. पंढरी लंगडत परत गेला आणि त्यानं चाळभर सांगितलं की पोरगं तिकडं नुसतं फिरतंय, शिकत काही नाय. त्यानंतर एकनाथनं शाळेतलं घरी सांगणं कमी केलं. "कसं चाललंय?" "बरं चाललंय." एवढ्यावर सगळं भागायला लागलं.

खरं तर त्या शाळेत अवघड काय असतं, याबद्दल त्याची स्वतःचीही समजूत चुकीचीच होती. त्याला वाटायचं, घाण आणि इंग्रजी. सिस्टर ट्यूटर वाघमोडेबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "घाणीची सवय महिनाभरात होते. इंग्रजीची वर्षभरात होते. बघितलेलं-ऐकलेलं पोटात ठेवायची सवय काहींना जन्मात होत नाही. वॉर्डातलं वॉर्डात राहिलं पाहिजे." मुलांनी ते बाकीच्या टिपणांसारखंच उतरवून घेतलं होतं. परीक्षेत कधीतरी येईल म्हणून.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एकनाथची नेमणूक पुरुषांच्या वॉर्डात होती. तिथं सिन्नरकडच्या एका गावाहून एक माणूस दाखल झाला. पंचवीस-सव्वीसचा असेल. सुट्टीवर गावी आलेला असताना शेतात कोसळला, म्हणून थोरल्या भावानं आणलेला. केसपेपरवर नाव होतं नरहरी. नोकरी कुठं, असं विचारल्यावर त्यानं "तिकडं, मुंबईच्या बाजूला" एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथ शेजारच्या खाटेची चादर बदलत असताना नरहरीला फिट आली. पलीकडच्या रोग्याचा नातेवाईक चप्पल हुंगवायला धावला. एकनाथनं त्याला बाजूला केलं, नरहरीला कुशीवर वळवलं, गळ्याशी शर्टाची गुंडी सोडली, डोक्याखाली एक हात दिला आणि दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिला. किती मिनिटं चाललं, झटके कुठल्या हातापासून सुरू झाले, डोळे कुठल्या बाजूला फिरले, हे सगळं नंतर लिहायचं असतं. घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. अडीच मिनिटं. उजवा हात आधी.

नरहरी शुद्धीवर आला, तेव्हा एकनाथ पडदा ओढून त्याचे ओले कपडे बदलत होता. नरहरीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"पुन्हा झालं का?"

"झालं. आता बरं आहे."

"लोकांनी बघितलं?"

"पडदा होता," एकनाथ म्हणाला. ते पूर्ण खरं नव्हतं.

नरहरीनं त्याचं मनगट धरलं. "साहेब, कुणाला सांगू नका. मी मशीनवर असतो. कळलं की दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर."

"मी साहेब नाही. विद्यार्थी आहे."

"तरी."

"नाही सांगणार," एकनाथ म्हणाला. "पण तुम्ही मशीनवरनं दुसरीकडं बदलून घ्या. आणि गोळी एक दिवस चुकवू नका."

आठ दिवसांनी नरहरी घरी गेला. त्यानं एकनाथला त्याचं गाव विचारलं नव्हतं, आणि एकनाथनंही कारखाना कुठला ते खोदून विचारलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीला एकनाथ घरी नव्हता. "शाळाच हाय ना ती? मग शाळेला दिवाळीची सुट्टी नसती व्हय?" हे सोजराबाई दोन वर्षं विचारत होती. भाऊबीज होऊन गेल्यावर पाचव्या दिवशी त्याला दोन दिवस मिळाले. जव्हारमार्गे एसटीनं पालघर, तिथून बोईसर. दुपारी तो दारात पोचला, तर खोलीत पाहुणे बसलेले. धाकटी बहीण चंद्रकांता नवी साडी नेसून आत स्टोव्हपाशी उभी होती. ती एकोणीस वर्षांची, औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. पंढरीनं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं.

"या, या, येळेवर आला," पंढरी म्हणाला. "हा आमचा एकनाथ. मुलीचा भाऊ. डाक्टरकीचं शिकतोय."

"नर्सिंगचं," एकनाथ म्हणाला, आणि त्यानं नवऱ्या मुलाकडं बघितलं.

नरहरीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. ती त्यानं परत उचलली नाही.

पुढचा अर्धा तास एकनाथ काय ऐकत होता ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मुलगा तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत कायम नोकरीला आहे, निर्व्यसनी आहे, शेती आहे. थोरला भाऊ सांगत होता आणि झुंबर दर वाक्याला मान डोलवत होता. बापाला एवढं खूश एकनाथनं फार दिवसांत बघितलं नव्हतं. चंद्रकांता चहा घेऊन आली. तिनं एकदा नरहरीकडं बघितलं आणि बघून हसली. एकनाथ उठला.

"मी पाहुण्यांना पान खायला घेऊन जातो," तो म्हणाला.

दोघं रस्त्यावर आले. दुसऱ्या पाळीच्या बसगाड्या कामगार भरून वसाहतीकडं चालल्या होत्या. पानाची टपरी मागं पडली तरी दोघं चालतच राहिले.

"घरी सांगितलंत?" नरहरीनं विचारलं.

"नाही."

"सांगणार?"

"नाही."

नरहरीनं इतका मोठा श्वास सोडला की एकनाथला त्याची कीव आली. तो थांबला. "पण तुम्ही सांगा. घरच्यांना नको, तिला एकटीला सांगा. मी भेट घालून देतो. हा रोग लागत नाही, गोळीनं ताब्यात राहतो, हे मी तिला समजावीन. पण आधी तुम्ही सांगा."

"एका ठिकाणी सांगितलं होतं मी, भाऊ. पहिल्या स्थळाला. त्यांनी मुलगी दिली नाही, ते असू द्या. पण अख्ख्या गावाला सांगितलं. म्हणून तर इकडं इतक्या लांब बघतोय."

"आमची चंद्री तसली नाही."

"आणि मी नाय सांगितलं तर?"

"तर मी तोंड उघडणार नाही," एकनाथ म्हणाला. "पण लग्नात उभा राहणार नाही. आणि का, ते कुणी विचारलं तर कारणही देणार नाही."

"म्हंजे एकच झालं की, भाऊ," नरहरी म्हणाला.

परत येताना एकनाथ मनाशी तेच घोळवत होता. खरंच एकच होतं का ते?

चार दिवसांनी सिन्नरकडून निरोप आला. मुलगी अंगानं बारीक वाटली, पसंत नाही. तोवर एकनाथ परत वॉर्डात रुजू झाला होता. त्याला ते पत्रातनं कळलं. सोजराबाईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि चंद्रकांता लिहायची. 'पंढरी म्हणतो, पान खायला गेले ते तोंड पाडून आले. तू त्याला काय बोललास ते उलट टपालानं कळव.' मजकूर आईचा, पण अक्षर चंद्रकांताचं होतं. गोल, नीटनेटकं, एक शब्दही खोडलेला नाही.

एकनाथनं तीन पत्रं लिहून फाडली. 'काही बोललो नाही' असं लिहिणं खोटं झालं असतं. शेवटी त्यानं लिहिलं, 'बोललो. पण काय बोललो, ते सांगता येणार नाही.'

याहून वाईट उत्तर त्याला शोधून सापडलं नसतं. चाळीनं आपापल्या परीनं अर्थ लावले. पोरींच्यात राहून पोरगा बिघडला. भावाला साहेब झाल्यासारखं वाटतंय, बहिणीला कामगार नवरा नको असेल. दवाखान्याच्या शाळेनं डोकं फिरवलं. झुंबरनं कुणाला उत्तर दिलं नाही, पण तो संध्याकाळचा पंढरीच्या ओट्यावर जाऊन बसेनासा झाला.

एकनाथ एक दिवस वाघमोडेबाईंच्या खोलीत गेला. "एखाद्या विद्यार्थ्यावर अशी वेळ आली तर," असं म्हणून त्यानं नाव-गाव न घेता सगळं सांगितलं. बाईंनी हजेरीपुस्तक मिटलं.

"त्या विद्यार्थ्यानं बरोबर केलं का, ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला अट घातली, तिथं कदाचित तो चुकला असेल. अट घातली नसती, तर भाऊ म्हणून चुकला असता. पुस्तकात एवढंच आहे की सांगायचं नाही. न सांगता घरात कसं राहायचं, ते पुस्तकात नाही." मग त्यांनी शिपायाला हाक मारून दोन चहा मागवले आणि तो चहा पिऊन होईस्तोवर दुसरं काहीच विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीत सोजराबाई त्याच्यासमोर येऊन बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"नाथा, मी काय चाळीत बोंबलत जाणार नाय. त्याच्यात काय खोट व्हती का? तू बोलू नको. नुसती मान हलव."

एवढंच होतं. नुसती मान हलवायची. पत्रावरून झालेली बोलणी, पंढरीचे टोमणे, बापाचं गप्प बसणं, सगळं एका क्षणात मिटलं असतं. आई खरंच कुणाला बोलली नसती, निदान आठवडाभर तरी. एकनाथला नरहरीनं धरलेलं मनगट आठवलं. तो आईकडं बघत बसून राहिला. मान हलली नाही.

"म्हंजे खोट नव्हती," सोजराबाई उठत म्हणाली. "तुझ्यातच व्हती."

शाळा संपली. पालघर तालुक्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात एकनाथ लागला. तिथं त्याला सगळे ब्रदर म्हणायचे. आता तो सुया टोचत होता, पण चाळीतलं कुणी टोचून घ्यायला येत नव्हतं. सत्याऐंशीत चंद्रकांताचं लग्न झालं. नवरा शांताराम एसटीच्या पालघर आगारात मेकॅनिक. भला माणूस, कामावरून आला की आधी पोरीला उचलणारा. एकनाथ लग्नात राबला, वाढपापासून मांडवापर्यंत. चंद्रकांता त्याच्याशी बोलायची, पण मोजकं. पाणी हवं का, जेवलास का, येतोस कधी.

त्र्याण्णवच्या भाऊबीजेला तो तिच्याकडं पालघरला गेला होता. ओवाळून झालं, ताट उचललं गेलं. शांताराम पोरीला घेऊन फटाके आणायला बाहेर पडला. चंद्रकांता करंज्यांचा डबा भरत होती. डब्याकडंच बघत ती म्हणाली, "दादा, मला नरहरी भेटला होता."

एकनाथला आधी कळलंच नाही. "कोण?"

"पान खायला नेलेलास तो. माझ्या साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटावर येऊन थांबला होता. सगळं सांगितलं त्यानं. फिट येते ते, तुझ्या वॉर्डात होता ते. तू त्याचे कपडे बदललेस ते पण."

एकनाथ काही बोलला नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

"म्हणाला, त्या दिवशी धीर झाला नाही. पण तुझ्या नावानं चाललेली बोलणी त्याच्या कानावर गेली. ते सोसवेना, म्हणून आला. मशीनवरनं गोदामात बदलून घेतलं होतं त्यानं. मागं एकदा स्टँडवर दिसला, आता लग्न झालंय त्याचं, दोन पोरं आहेत. बायकोला आधी सांगून केलं."

"आणि तू सहा वर्षं गप्प?"

"तू तरी कुठं बोललास?" तिनं झाकण लावलं आणि मग त्याच्याकडं बघितलं. "आधी मला वाटायचं, तू माझं लग्न मोडलंस. तो राग गेला त्या दिवशी. पण दुसराच आला. तुम्ही दोघं रस्त्यावर उभे राहून माझं ठरवून आलात. तो सांगत नव्हता, तू सांगत नव्हतास, आणि मी आत चहा गाळत होते."

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"काय माहीत. हो म्हटलं असतं, नाहीतर नाही म्हटलं असतं. पण मी म्हटलं असतं."

एकनाथनं इतकी वर्षं त्या दुपारचा हिशोब अनेकदा मांडला होता. त्यात नरहरी होता, आई होती, वाघमोडेबाई होत्या, शाळेचा नियम होता. स्टोव्हपाशी उभी असलेली चंद्री त्यात फक्त जिचं लग्न मोडलं ती होती. ती विचार करू शकते, तिचंही काही म्हणणं असू शकतं, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण दुसऱ्याचं बोलणं पोटात ठेवायला शिकलो, पण जिच्यापासून ठेवलं तिच्याकडं बघायला शिकलो नाही.

"मला सांगता येत नव्हतं, चंद्रे," तो म्हणाला.

"ते कळलं मला. तेवढं कळलं म्हणून तर आज बोलले."

बाहेर शांतारामचा आवाज आला. चंद्रकांतानं डबा पिशवीत घातला आणि हळूच म्हणाली, "आईला यातलं काही बोलू नको हं. ती त्याच्या बायकोच्या घरापर्यंत पोचवील."

एकनाथला हसू आलं. नऊ वर्षांत या विषयावर त्याला पहिल्यांदाच हसू आलं. चंद्रकांतालाही आलं. शांताराम दारात येऊन विचारायला लागला, काय झालं, आणि दोघांनी एकदमच सांगितलं, काही नाही.

बोईसरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. झुंबर निवृत्त होऊन ओट्यावर बसलेला असायचा. आता त्याचे बनियन पांढरेच्या पांढरे राहत. सोजराबाईनं डबा उघडून करंजी मोडून बघितली.

"लई येळ लागला. काय म्हणत व्हती चंद्री?"

"बरी आहे. पोरगी मोठी झाली."

"आणिक?"

"आणखी काही नाही."

सोजराबाईनं नवऱ्याकडं बघून मान हलवली. "काय शिकवत्यात त्या शाळेत देव जाणं," ती म्हणाली. "गेला तवा किती बडबड्या व्हता ह्यो." आणि तिनं अर्धी करंजी त्याच्या हातावर ठेवली.